किरणोपचार आणि अँटिऑक्सिडंट

महोदय,

रेडिएशनपासून पेशी वाचवणाऱ्या नैसर्गिक अँटिऑक्सिडंटवरचा आपला लेख वाचला. माझ्या पतींच्या घशाच्या कर्करोगावर किरणोपचार झाले, तेव्हा अशाच एका लेखावर विसंबून मी त्यांना ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या देत होते. डॉक्टरांना मात्र तीन आठवडे काहीच सांगितले नाही. ती रुखरुख अजून आहे.

किरण पेशीतल्या पाण्याचे रेणू फोडतात, त्यातून हायड्रॉक्सिल मूलके (अतिशय क्रियाशील, अस्थिर कण) तयार होतात आणि ती डीएनए तोडतात. अँटिऑक्सिडंट ती मूलके टिपतात, हे खरेच. पण गाठीतल्या पेशी मारण्याचे कामही बऱ्याच अंशी हीच मूलके करतात! गोळीला निरोगी पेशी कुठली नि रोगट कुठली, हे कसे कळणार? कॅनडात किरणोपचार घेणाऱ्या डोके-मानेच्या कर्करोगाच्या ५४० रुग्णांवर ई जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची चाचणी झाली. २००५ मध्ये आलेल्या तिच्या निष्कर्षांनुसार ई जीवनसत्त्वाबरोबर बीटा-कॅरोटीनही (गाजरातले, शरीरात अ जीवनसत्त्व बनणारे द्रव्य) मिळालेल्या गटात किरणोपचारांचा त्रास कमी झाला, पण पूरक गोळ्या घेणाऱ्यांत कर्करोग उलटण्याचे प्रमाण जास्त दिसले. रोजच्या जेवणातल्या फळभाज्यांबद्दल माझी तक्रार नाही. प्रश्न मोठ्या मात्रेच्या गोळ्यांचा आहे.

असे लेख छापताना ‘उपचार चालू असल्यास आधी डॉक्टरांना विचारा’ एवढी ओळ ठळक अक्षरांत द्यावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक