जिना आमचाच निघाला

प्रिय शैला,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे ठीक आहेत. आईचे गुडघे तसेच, माझी साखर तशीच, ह्यांचं घोरणं तसंच. फोनवरही सांगता आलं असतं, पण तू मध्येच हसायला लागतेस, मग मीही हसते आणि मूळ मुद्दा राहून जातो. या खेपेला तो राहून चालणार नाही.

तर ऐक. शेजारच्या नानांचा जिना आमच्या हद्दीत आहे.

हो, तोच. दहावीचा भूगोल आपण ज्याच्या चौथ्या पायरीवर बसून पाठ केला तो. वरून नानांचा आवाज आला की आपण वह्या छातीशी धरून पळायचो, आठवतंय? "उठा! तुमच्या आजोबांची इस्टेट आहे का ही?" तर बाई, आहे. आजोबांचीच इस्टेट आहे. सरकारी मोजणी झाली, सही-शिक्क्याचा नकाशा हातात आला. सगळा नाही म्हणा, जिन्याचा दीड फुटाचा पट्टा. पण चौथी पायरी त्यात येते. हे वाचून या जगात हसणारी तू एकटीच, म्हणून हे पत्र.

पण मला आता हसू येत नाहीये. का ते सांगते.

घर पाडून नवं बांधायचं ठरलंय हे तुला माहीत आहे. सविताच्या लग्नात भर मांडवात तू मला म्हणाली होतीस, "बिल्डरला देऊन टाक, दोन फ्लॅट घे, सुखी हो." त्यावर मी काय बोलले आणि नंतर आपण किती काळ बोललो नाही, ते राहू दे. माझं मत अजून तेच आहे. तुझंही तेच असणार. पुढे चल.

मला वाटायचं, परवानगी म्हणजे अर्ज लिहायचा, महापालिकेत नेऊन द्यायचा, चकरा मारायच्या. तसं नाही आता. अर्ज आपण करतच नाही, आर्किटेक्ट करते, तोही संगणकावर. आमची केतकी म्हणून मुलगी आहे, माझ्या धाकटीच्या वयाची, मला मावशी म्हणते आणि चुकले की मावशी जोरात म्हणते. तिने नकाशा काढला आणि तो आधी माणसाने नाही, यंत्राने तपासला. हद्दीची रेघ एका कोपऱ्यात जुळली नव्हती, केसभर उघडी राहिली होती, तर यंत्राने अख्खा नकाशा परत पाठवला. नियमांचंही तसंच. २०२० च्या डिसेंबरपासून मुंबई आणि काही मोजकी ठिकाणं सोडून साऱ्या राज्याला एकच नियमावली आहे. केतकीला ती पाठ आहे. मला फक्त सामासिक अंतर, म्हणजे हद्दीपासून सोडायची मोकळी जागा, एवढा शब्द पाठ झालाय, आणि त्यानेच माझी झोप घालवली.

कार्यालयात जावं लागलंच एकदा-दोनदा. खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी पहिलाच प्रश्न केला, "मिस्टर नाही आले?" मी म्हटलं, मिळकत पत्रिकेवर, म्हणजे जागेच्या सरकारी कागदावर, नाव माझं आहे, मिस्टरांना फक्त डबा न्यायला पाठवता येतं. हे मनात म्हटलं. तोंडाने म्हटलं, "ते बाहेरगावी आहेत." तू असतीस तर पहिलं वाक्य म्हणाली असतीस, आणि आपली फाइल तिथेच तळाला गेली असती.

आणि तो साठ दिवसांचा किस्सा. नगररचनेचा १९६६ चा कायदा आहे, त्याचं कलम ४५ म्हणतं की साठ दिवसांत काही उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं मानायचं. मी हरखले. कॅलेंडरवर खूणसुद्धा केली. केतकी म्हणाली, "मावशी, मध्ये त्यांनी त्रुटी काढली तर आपण उत्तर देऊ त्या दिवसापासून साठ परत सुरू. आणि नियमात न बसणारं काम मानीव परवानगीतही बसत नाही." म्हणजे आपल्या बाई वही तपासायच्या तसंच, एक काना चुकला की वही परत आणि आपण पुन्हा रांगेच्या शेपटाला. खूण खोडून टाकली.

तर त्रुटी निघालीच. मिळकत पत्रिकेवरचं क्षेत्र आणि जागेवरचं क्षेत्र जुळत नाही. मग नगर भूमापनवाल्यांकडे पैसे भरून मोजणी मागवली. त्याआधी शेजाऱ्यांना नोटीस जाते, लगतचा कब्जेदार म्हणून नानांनाही गेली. मोजणीच्या दिवशी नाना इस्त्रीचा सदरा घालून खाली येऊन उभे. मोजणीदाराने काठीवर ते यंत्र लावलं, भिंतीच्या कडेकडेने फिरला, मागे गेला, परत आला, पुन्हा मागे गेला. मग वाकून जिन्याच्या पायरीवर लाल रंगाचा ठिपका दिला. पायरीच्या कडेला नाही, मधोमध. नाना चष्मा वर करून त्या ठिपक्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता काठी आपटतील. त्यांनी मोजणीदाराला एवढंच विचारलं, "पाडावा लागेल का?" तो म्हणाला, ते माझं काम नाही, मी फक्त मोजतो. नानांनी दाखवलं तिथे सही केली. सही अजून तशीच आहे, शेवटी दोन टिंबं.

शैले, बाबांच्या शेवटच्या आजारात रात्रपाळीला कोण बसायचं ते तुला सांगायला नको. दादा नव्हता. म्हणजे येऊ शकला नाही, मी त्याला दोष देत नाही. पण जिन्यावरून हाकलणारे नानाच रात्री बाबांच्या उशाशी बसून पेपर वाचून दाखवायचे, जाहिरातींसकट.

आता पेच बघ. नियम असा की कागद आणि जागा यांत जे क्षेत्र कमी, ते धरायचं. पट्टा सोडला तर चटई क्षेत्र, म्हणजे किती बांधता येतं ते, थोडंसंच कमी होतं, तीस-पस्तीस चौरस फुटांचा मामला, त्याने कोणी मरत नाही. खरा घोळ सामासिक अंतराचा. बाजूला जी मोकळी जागा सोडायची ती हद्दीपासून मोजतात. हद्द दीड फूट इकडे आली की आमची भिंतही तेवढी आत येते. आणि भिंत आत येते ती नेमकी मागे, आईच्या खोलीपाशी. तिच्या बाथरूममध्ये चाकाची खुर्ची वळली पाहिजे, दार ९० सेंटिमीटरचं पाहिजे, हे मी केतकीला सगळ्यांत आधी सांगितलं होतं. स्वयंपाकघर कुठे हेसुद्धा नंतर सांगितलं. तर तेच बाथरूम त्या दीड फुटात जातं. आई एकीकडे, नाना एकीकडे, मध्ये दीड फूट.

पट्टा सोडायचा नाही म्हटलं तर जिना हटवायला सांगायला हवं. नाना वरच राहतात, दुसरी वाट नाही. सविताच्या वकील नवऱ्याला विचारलं (फुकट, हो). तो म्हणाला, नानांचा उघड कब्जा बारा वर्षांच्या कितीतरी वर आहे, कोर्टात गेलात तर ते प्रतिकूल कब्ज्याचा, म्हणजे इतकी वर्षं ताबा आमचा तर जागाही आमचीच असा, दावा मांडू शकतात. आणि महापालिकेची परवानगी म्हणजे काही मालकीचा निवाडा नव्हे, तो दिवाणी कोर्टाचा प्रांत. म्हणजे आई आणि नाना दोघांच्याही हयातीत निकाल लागेल का, हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

आणि दादा! पत्रिकेवर माझ्याबरोबर त्याचं नाव आहे, त्याच्या सहीशिवाय फाइल हलत नाही. त्याला फोन केला तर म्हणाला, "आजोबांची जागा आहे, एक इंच सोडायची नाही. नानांना नोटीस पाठव." सुईच्या अग्रावर राहील एवढी माती न देणाऱ्याची आठवण झाली. तुला खरं कारण माहीत आहे. नानांनी त्याचा नवा कोरा चेंडू विळीवर चिरून परत दिला होता. माणूस साठीला आला, पण चेंडू विसरला नाही.

परवा रात्री मी नकाशाची प्रत घेऊन बसले. पाडायचं ते पिवळ्या तिरक्या रेघांनी दाखवतात, नवं ते लाल. आपलं सगळं घर पिवळं. आई चष्मा लावून आली आणि बोट ठेवत ठेवत विचारायला लागली, हे माजघर ना? हा आपला माळा? माळ्यावरचा पितळी बंब घेतलास का खाली? तिला घर पाडण्याचं काही नाही, बंबाची काळजी. मग लाल रेघांवर तिचं बोट आलं. "ही कोणाची खोली एवढी मोठी?" मी म्हटलं, दादाची, तो येईल तेव्हा. आई म्हणाली, "तो येतो कधी?" आणि झोपायला गेली.

सकाळी उठून केतकीला फोन. दादाची खोली तळमजल्यावर आईच्या खोलीला लागून आहे, तिच्यातली मधली भिंत सरकवली तर आईचं बाथरूम जसंच्या तसं बसतं. हद्द आत्ता जागेवर आहे तीच धरायची, जिन्याला हात लावायचा नाही. दादाच्या खोलीत एक पलंग, एक टेबल राहतं, कपाट मात्र उघडताना पलंगाला अडणार. केतकीने नवा नकाशा काढून पाठवलासुद्धा. खाली लिहिलंय, "मावशी, आता नक्की ना?"

माझं नक्की आहे. नोटीस मी पाठवणार नाही, कोणी काहीही म्हणो. उरला प्रश्न दादाच्या सहीचा, आणि आता माझं खरं काम तुझ्याकडे.

त्याला तू फोन कर. माझं तो ऐकत नाही, मी धाकटी. वहिनीचं ऐकतो पण ती त्याच्याच बाजूची. तुझं ऐकतो. का ऐकतो ते आपण दोघींनी कधी बोललेलं नाही आणि या वयात बोलूही नये. चेंडूचा विषय काढू नकोस. बाबांच्या आजारपणाचाही नको, तो लगेच रडतो आणि मग सही राहते. फक्त आईच्या खुर्चीचं सांग. ९० सेंटिमीटर हा आकडा सांग, इंजिनियर माणूस आहे, आकड्याला मानतो. आणि परवानगी वर्षभराचीच असते, मग नूतनीकरण, पुढे जोत्याची तपासणी, शेवटी राहायला जाण्यासाठीचा भोगवटा दाखला, असा सगळा पाढा वाच. आत्ता अडवलंस तर आई लाल रेघांतलं घर बघणार कधी, एवढं ओघात आलं तर येऊ दे.

नानांशी मी अजून बोलले नाही. नकाशा मंजूर झाला की नेऊन दाखवणार आहे. तोवर ते जिन्याच्या डाव्या कडेने चढताहेत, ठिपक्यावर पाय न ठेवता. बघवत नाही आणि हसूही येतं.

तुझं काय? दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? ऋचाची नोकरी टिकली ना? जावईबापूंच्या आईला आता तुझी भाजी आवडायला लागली की अजून मीठच कमी? सविस्तर लिही. मी लिहिलंय तसं नको, तुझं तुझं लिही.

नकाशा पुढच्या आठवड्यात चढवायचा आहे. त्याच्या आत सही पाहिजे.

तुझी,
मंदा

ता. क. दादाला रविवारी सकाळीच फोन कर. बाकीच्या दिवशी फोन वहिनी उचलते.