विद्यार्थ्यांच्या एकांतासाठी आवाहन

प्रभूमध्ये प्रिय बंधुभगिनींनो, सलाम.

मंडळीतून सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयात, गेलेल्या आपल्या मुलामुलींच्या फीसाठी, पुस्तकांसाठी तुम्ही कधी हात आखडता घेतला नाही. यंदाचं मागणं जरा वेगळं आहे. त्यांना वर्षातून काही दिवस एकांतात, प्रार्थनेत आणि मौनात राहता यावं, आणि वर्षभर त्यांच्यासोबत कुणी जाणतं माणूस असावं, यासाठी आम्ही मदत मागत आहोत.

ग्रीक-हिब्रू शिकवता येतं, उपदेश कसा बांधायचा तेही. पण निबंध आणि परीक्षांच्या धांदलीत बायबल हळूहळू अभ्यासाचं पुस्तक होऊन बसतं. वचन उघडायचं ते उत्तर शोधायला, नाहीतर रविवारी दुसऱ्यांना सांगायला. स्वतःसाठी वाचणं कधी सुटलं, हे विद्यार्थ्यालाही कळत नाही.

ही तक्रार जुनीच आहे. ईश्वरविज्ञानाच्या विद्यार्थ्यांचं ज्ञान पाहता तसं त्यांचं भक्तिजीवनही पाहा, असं जर्मनीत श्पेनर या पाळकांनी १६७५ मध्येच लिहिलं होतं. तिथलेच पाळक बोनहोफर यांनी १९३५ पासून फिंकेनवाल्डे येथील सेमिनरीत होतकरू पाळकांना शिकवलं, तेव्हा रोज अर्धा तास मौन मनन असे आणि तोच उतारा आठवडाभर चाले. विद्यार्थी आधी कुरकुरले. (आपलेही कुरकुरतील!) १९३७ मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, ती सेमिनरी बंद केली.

समितीत एकांनी विचारलं, ‘हे तर सेमिनरीचंच काम ना?’ काही अंशी हो. प्राध्यापक प्रेमळ असतात, पण गुणही तेच देतात आणि शिफारसही तेच लिहितात. ‘महिनाभर माझ्याने प्रार्थनाच होत नाही’ हे त्यांच्यापुढे कोण कबूल करणार? म्हणून आत्मिक सोबती बाहेरचा हवा. त्याने ऐकायचं, सोबत प्रार्थना करायची आणि ऐकलेलं पोटात ठेवायचं. पाळकपदाच्या दीक्षेच्या निर्णयात त्याचा शब्द नसेल. समितीही त्याला काही विचारणार नाही.

सेवानिवृत्त पाळक, अनुभवी बंधुभगिनी यांनी महिन्यातला एक तास द्यावा. सल्ल्याची घाई असलेल्यांनी मात्र कृपया थोडं थांबावं. वर्गणीतून एकांतस्थळी राहण्या-जेवणाचा, प्रवासाचा आणि शिबिर घेणाऱ्यांच्या मानधनाचा खर्च भागेल. हा निधी फीच्या निधीत मिसळणार नाही. त्याचा हिशोब वार्षिक सभेत वेगळा मांडू. कुणाकडे दिवसभर निवांत बसता येईल अशी खोली असेल, तर तीही हवी आहे.

अर्पण देताना पाकिटावर ‘एकांत निधी’ असं लिहावं. सोबती व्हायची इच्छा असलेल्यांनी रविवारच्या उपासनेनंतर चिटणिसांना भेटावं. विद्यार्थ्यांची नावं त्यांच्याकडे आहेत. प्रार्थनेसाठी एखादं नाव हवं असेल, तर तेही मागून घ्यावं.

आपली,
विद्यार्थी साहाय्य समिती