केबिन बॅग तुझी तूच भर

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

दिल्लीमार्गे फ्रँकफर्टला जाताना विमानतळावरच्या तपासणीत काय सांभाळायचं हे तोंडी सांगायला गेलं की "हो गं आई, माहितीये" म्हणून तू कानात इयरफोन घालतेस, म्हणून लिहून काढते. ऑडिटच्या नोकरीत पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून पहाटेची विमानं पकडण्यात माझी बरीच वर्षं गेली. तपासणीच्या रांगेत कोण अडकतं हे त्यात पुष्कळ पाहिलं. पहिल्यांदा जाणारे, बावरलेले लोक सहसा अडकत नाहीत, ते सांगितलेलं मुकाट करतात. अडकतात ते ज्यांची बॅग दुसऱ्या कुणीतरी भरलेली असते. जवान विचारतो, "इसमें क्या है?" आणि उत्तर येतं, "सासूबाईंनी दिलंय." तेव्हा मोठ्या बॅगांमध्ये आजी, मावशी, काकू यांना काय कोंबायचं ते कोंबू दे, तू फक्त वजन बघ. पाठीवरच्या बॅगेला मात्र कुणाला हात लावू देऊ नकोस.

निघताना आजी हातावर दही घालेल आणि श्रीफळ देईल. नमस्कार करून घे आणि सरळ बाबांकडे दे. नारळ केबिन बॅगेत चालत नाही. शबरीमलाच्या यात्रेकरूंना इरुमुडीतला, म्हणजे डोक्यावरच्या पूजेच्या गाठोड्यातला, नारळ सोबत ठेवता यावा म्हणून २०२४ च्या ऑक्टोबरात खास सवलत द्यावी लागली होती, तीही २० जानेवारी २०२५ पर्यंतच. सुक्या खोबऱ्याचं तर आणखी कडक. त्यात तेल इतकं असतं की साठ्यात ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमान वाहतुकीच्या नियमांत खोबरं धोकादायक मालात मोडतं. वाट्या मोठ्या बॅगेतही नकोत. आजीला हे पटणार नाही. तिला मी सांगेन, तू त्या वादात पडू नकोस.

लाल तिखट आणि लोणचं मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत बांधून. तिखट डोळ्यांत फेकता येतं, म्हणून ते केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. तुपाचा डबा मात्र कुठल्याच बॅगेत नको. युरोपीय संघाच्या बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, त्यामुळे पुण्यात सुटलं तरी फ्रँकफर्टला कस्टमवाले काढून घेतील. आत्याने पर्समध्ये ठेवायला दिलेला छोटा अडकित्ता इथेच राहू दे. जर्मनीत सुपारी कोण खाणार आहे?

आता मशीनचं सांगते. ते कळलं की काय कुठे ठेवायचं हे वेगळं पाठ करावं लागत नाही. एक्स-रेच्या पडद्यावर बॅग रंगीत दिसते. धातू निळा. खाण्याचे पदार्थ, कागद, साबण, कापड हे सगळं नारिंगी. अडचण अशी की बहुतेक स्फोटकंसुद्धा नारिंगीच दिसतात. त्यामुळे शेंगदाण्याच्या लाडवांचा गच्च भरलेला डबा किंवा एकावर एक रचलेले चिक्कीचे पुडे म्हणजे त्या माणसाला फक्त एक दाट नारिंगी ठोकळा दिसतो, आणि तो बॅग बाजूला काढतो. त्यात त्याची काही चूक नाही. वाटेत खायला हवं ते वरच ठेव, पसरून, पारदर्शक पिशवीत; उघडायला सांगितलं की एका झटक्यात दाखवता येईल. लॅपटॉप वेगळा काढायला लावतात तोही याचसाठी. त्याची बॅटरी आणि धातू यांच्यामागे काय आहे ते दिसत नाही. चार्जर आणि वायरींचा गुंताही तसाच, तो एका पाऊचमध्ये घालून लॅपटॉपसोबत ट्रेमध्ये ठेव.

केबिन बॅगेत १०० मिलीहून मोठी बाटली चालत नाही, ही भानगड २००६ च्या ऑगस्टपासूनची. थंड पेयांच्या बाटल्यांतून द्रव स्फोटकं नेऊन विमानं उडवायचा कट लंडनमध्ये उघडकीला आला, तेव्हापासून बहुतेक विमानतळांवर बाटल्या मोजतात. नियम बाटलीच्या आकाराचा आहे, आतल्या मालाचा नाही. दोनशेच्या ट्यूबमध्ये बोटभर क्रीम उरलं असलं तरी ती काढून घेणार. देशातल्या देशात थोडी ढिलाई असते, पण तुला पुढे परदेशात जायचंय, म्हणून पुण्यापासूनच कडक नियम धर. स्टीलची बाटली रिकामी ने, आत गेल्यावर भर.

आता बायकांच्या रांगेचं, हे तुला बाबा सांगू शकणार नाहीत. आपली तपासणी पडद्याआड, महिला कर्मचारी करतात. या रांगेला कधीकधी चांगलाच वेळ लागतो. तू पडद्याबाहेर ताटकळत असतेस, आणि तुझा ट्रे केव्हाच पलीकडे जाऊन पडलेला असतो: लॅपटॉप, फोन, पासपोर्ट, सगळं उघड्यावर. म्हणून पुढे तीन-चार जणी उरेपर्यंत ट्रे पट्ट्यावर सरकवूच नकोस. मागचे "चला ना मॅडम" म्हणतील, त्यांना पुढे जाऊ दे. घड्याळ, नाणी आणि फोन ट्रेमध्ये सुटे टाकू नकोस. रांगेत उभी असतानाच बॅगेच्या चेनच्या कप्प्यात घाल. ट्रेच्या कोपऱ्यात राहिलेली अंगठी शोधत परत आलेल्या बायका मी पाहिल्यात. कपडे साधे घाल. आरसेकामाचा कुर्ता, ओढणीच्या सेफ्टी पिना, अंबाड्यातले आकडे, सगळं ते हातातलं यंत्र किंचाळून सांगतं. मग ती बाई पुन्हा पुन्हा हात फिरवते आणि तुला उगाच संकोच वाटतो. तिने काही विचारलं तर शांतपणे उत्तर दे. दिवसभर शेकडो जणींना हात वर करायला सांगून तीही कंटाळलेली असते.

एका गोष्टीची मला खरंच धास्ती आहे, ती तुझ्या जिभेची. आपलं पुणेरी तिरकं बोलणं पेठेत खपतं, तिथे नाही. बॅग तिसऱ्यांदा उघडली म्हणून "बॉम्ब सापडला का?" असं चुकूनही म्हणायचं नाही. थट्टा म्हणून कुणी ऐकत नाही, विमान चुकतं आणि पोलिसांपुढे बसावं लागतं. १९९९ च्या डिसेंबरात काठमांडूहून निघालेलं आपलं विमान कंदहारला पळवून नेलं. तू तेव्हा जन्मलीही नव्हतीस. त्यानंतर, २००० पासून, एकेक विमानतळ सीआयएसएफ या केंद्रीय सुरक्षा दलाकडे सोपवला गेला. त्या लोकांच्या कपाळावरच्या आठ्या तिथून आल्यात. आणि लोहगावची धावपट्टी हवाई दलाची आहे, तेव्हा खिडकीतून रील काढायचा मोह आवर.

कागदपत्रांचं थोडक्यात. तिकिटावर आणि पासपोर्टवर नाव हुबेहूब एकच असायला हवं, मध्ये बाबांचं नाव असेल तर तेही. आज रात्रीच ताडून बघ. चेहरा दाखवून आत जायची डिजियात्रा पुण्यात २०२३ पासून आहे, पण ती देशांतर्गत प्रवासासाठी. तू पासपोर्ट हातात धरूनच दारात उभी राहा. औषधांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेव.

घरातून निघायच्या वेळेवरून तुझं आणि बाबांचं वाजणार आहे, तेव्हा माझा कौल आधीच बाबांना. दिवस गणपतीचे आहेत. कोथरूडहून निघून येरवडा ओलांडेपर्यंत कुठे रस्ता बंद असेल आणि कुठे ढोलपथक आडवं येईल याचा भरवसा नाही. वर विमानतळाच्या वाटेवरच्या ५०९ चौकातली गर्दी आहेच. नवीन टर्मिनल जुलै २०२४ पासून सुरू झालंय आणि आत जागा ऐसपैस आहे, पण तिथे पोचायचा रस्ता तोच. लवकर पोचून कंटाळलीस तर मला फोन कर.

दिल्लीला हे सगळं परत करायचंय. आधी इमिग्रेशन, मग पुन्हा ट्रे, पुन्हा पडदा. पुण्यात तपासलंय म्हणून तिथे सोडत नाहीत. दोन विमानांच्या मध्ये किती वेळ आहे ते तिकिटावर बघून मला आजच कळव. तीन तासांहून कमी असेल तर पुण्याहून आधीचं विमान मिळतं का ते बघू.

तुझी,
आई

ता. क. तुझ्या जुन्या पॉवर बँकेवरची अक्षरं पार पुसली गेलीयत. तिची क्षमता वाचता आली नाही तर तपासणीत ठेवून घेऊ शकतात. नवी घे. १०० वॅट-अवरपर्यंत चालते, आणि वीस हजार एमएएचवाली साधारण चौऱ्याहत्तरची असते, म्हणजे ती पुरे. ती केबिन बॅगेतच ठेव. मोठ्या बॅगेत गेली तर तुझ्या नावाची घोषणा होईल आणि सगळ्यांदेखत बॅग उघडावी लागेल.