जुने संगणक भंगारात काढण्यापूर्वी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विंडोज 10 ला मिळणारी नेहमीची सुरक्षा अद्यतने 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबली, आणि चांगले चालणारे संगणक टाकून नवे घ्यायचे का, हा प्रश्न आपल्या सीमाभागातील वाचनालये, शाळा आणि महिला मंडळांसमोर उभा राहिला. विंडोज 11 साठी टीपीएम 2.0 ही सुरक्षा व्यवस्था आणि साधारण 2018 च्या आसपासचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे त्याआधीची बहुतेक यंत्रे बाद ठरतात. खानापूर तालुक्यातील आमच्या वाचनालयाला दात्यांनी दिलेले चारही संगणक याच वर्गातले आहेत. ते दुरुस्तीला नेले तेव्हा ‘हे आता भंगारच समजा, काका’ असे उत्तर मिळाले. ते आम्हाला पटले नाही, म्हणून आम्ही विंडोजऐवजी चालणाऱ्या इतर प्रणालींचे पर्याय स्वतः वापरून पाहिले. त्याच अडचणीत असलेल्या संस्थांसाठी तो अनुभव लिहीत आहे.

आमच्या यंत्रांत 4 जीबी रॅम आहे. लिनक्स या मोफत संगणक प्रणालीचा उबुंटू हा प्रकार चालला, पण त्याची सजावट या यंत्रांना जड जाते. क्रोमओएस फ्लेक्स ही गूगलची प्रणाली हलकी आहे, मात्र तिचा बहुतेक कारभार इंटरनेट आणि गूगल खात्यावर चालतो, आणि पावसाळ्यात आमच्या भागात दोन-दोन दिवस नेट नसते, हे तालुक्यातील कोणीही सांगेल. सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संशोधन संस्थेने तयार केलेले बॉस लिनक्स भारतीय भाषांसाठीच घडवलेले असल्यामुळे मनात पहिले तेच होते, परंतु अडचण आली की तिच्यावर लिहिलेली माहिती आणि मदत लिनक्स मिंट या दुसऱ्या प्रकारासाठी अधिक सहज सापडते. अखेर मिंटची एक्सएफसीई ही हलक्या सजावटीची आवृत्ती आम्ही कायम केली. तिला किमान 2 जीबी रॅम पुरते आणि तिच्या 22 मालिकेला 2029 पर्यंत अद्यतने मिळणार आहेत. शिवाय ती आधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. आतल्या विंडोजला धक्का न लावता ध्वनी, प्रिंटर आणि वायफाय चालतात की नाही याची खात्री करून मगच निर्णय घेता येतो. जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी (अधिक वेगवान साठवण) बसवल्यावर यंत्राच्या वेगात जो फरक पडला, तो पाहून समितीतील शंका मिटल्या.

आपल्या भागासाठी मात्र वेगापेक्षा भाषेचा प्रश्न मोठा आहे. वाचनालयाची सूचना मराठीत, नाडकचेरीतील (सरकारी महसूल कार्यालयातील) अर्ज कन्नडमध्ये आणि बँकेचे पत्र इंग्रजीत, हे सारे एकाच टेबलावर होते. आजवर मराठीसाठी श्रीलिपी आणि कन्नडसाठी नुडी किंवा बरह अशी टंकलेखनाची वेगवेगळी सॉफ्टवेअर ठेवावी लागत. लिनक्समध्ये (आणि विंडोजमध्येही) असलेला इनस्क्रिप्ट कळफलक 1991 पासून भारतीय मानकाचा भाग आहे आणि त्याची रचना बहुतेक भारतीय लिप्यांसाठी जवळजवळ सारखीच आहे. स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला असतात. ‘बेळगाव’ लिहिताना ळ साठी शिफ्ट धरून एन दाबावा लागतो. भाषा कन्नड करून तेच दाबले की कन्नड ळ उमटतो. आमच्याकडे येणाऱ्या दहावीतल्या एका मुलीने आधी मराठी टंकलेखन शिकून घेतले, आणि कन्नडसाठी तिला ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ यांच्या कळा तेवढ्या नव्याने शिकाव्या लागल्या. तीन भाषांत वाढणाऱ्या आपल्या मुलांना ही सोय कोणीतरी दाखवायला हवी, असे मला मनापासून वाटते.

लेखनासाठी आम्ही वर्डऐवजी लिब्रेऑफिस हे मोफत सॉफ्टवेअर वापरतो. ओन्लीऑफिस दिसायला वर्डच्या अधिक जवळ आहे आणि वर्डमधली तक्ते असलेली फाइल त्यात कमी विस्कटते, हे मान्य करायला हवे. लिब्रेऑफिसमध्ये दस्तऐवजाची भाषा हिंदीऐवजी मराठी ठेवावी, म्हणजे ज्या फाँटमध्ये तशी सोय आहे त्यात ल आणि श मराठी वळणाचे उमटतात. टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्या संस्थेने निदान एक यंत्र विंडोजवरच ठेवावे, कारण टॅली लिनक्सवर थेट चालत नाही. पेजमेकरवर पत्रिका आणि स्मरणिका करणाऱ्या छापखान्यांनाही मी घाईने बदल सुचवणार नाही. स्क्रायबस हा मोफत पर्याय भारतीय लिपी आता नीट दाखवतो, पण हाताला बसलेली सवय मोडायला वेळ लागतो.

शेवटची गोष्ट सर्वांत तातडीची आहे. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतःचा संकेत देणारी व्यवस्था, येण्यापूर्वीच्या फाँटमध्ये लिहिलेला मजकूर यंत्राच्या दृष्टीने मराठी नसतोच. आत इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे संकेत साठवलेले असतात आणि फाँट त्यांच्यावर मराठी आकार चढवतो. आमच्या 2003 च्या स्मरणिकेची फाइल मिंटवर उघडली तेव्हा अध्यक्षांच्या मनोगताच्या जागी स्वल्पविराम, कंस आणि तुटक इंग्रजी अक्षरांच्या ओळी दिसल्या. सुदैवाने चार यंत्रांपैकी एक अजून पुसले नव्हते आणि त्यात तो फाँट होता, म्हणून मजकूर रूपांतरकातून युनिकोडमध्ये आणता येत आहे. जोडाक्षरे आणि रफार तेवढे हाताने दुरुस्त करावे लागतात. निपाणीपासून खानापूरपर्यंत कितीतरी मंडळांची इतिवृत्ते आणि सभासदांच्या याद्या अशाच फाइलींत असतील. कोणतीही नवी प्रणाली बसवण्यापूर्वी या फाइली आणि त्यांचे फाँट, दोन्ही, पेनड्राइव्हवर काढून ठेवावेत आणि प्रत्येक फाइलीची एक पीडीएफ प्रत जुन्या यंत्रावरच करून घ्यावी.

आपला,
एका ग्रामीण वाचनालयाचा कार्यवाह,
ता. खानापूर, जि. बेळगाव