नाण्यांची परीक्षा हा नुसता देखावा नव्हे

मा. संपादक,

लंडनमध्ये दरवर्षी होणाऱ्या ‘ट्रायल ऑफ द पिक्स’ची, म्हणजे नव्या नाण्यांच्या परीक्षेची बातमी आपल्याकडे आलीच, तर ती झगे, टोप आणि जुन्या रीतिरिवाजांची गंमत म्हणून येते. नाण्यांचा संग्राहक या नात्याने मला तिच्यातील कामाचा भाग मांडावासा वाटतो.

तेराव्या शतकापासून चालत आलेल्या या परीक्षेसाठी, टाकसाळीने पाडलेल्या नाण्यांतून वेळोवेळी बाजूला काढलेले नमुने गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये आणले जातात आणि सराफांच्या जुन्या संघाचे सदस्य शपथ घेऊन ज्यूरी म्हणून बसतात. पन्नास-पन्नास नाण्यांच्या प्रत्येक पुडीतील एक नाणे तांब्याच्या वाडग्यात जाते, उरलेली लाकडी वाडग्यात. मोजणी त्या दिवशी आटोपते. कस, वजन आणि व्यास तपासून निकाल लागायला मात्र काही महिने जातात. टाकसाळीचे प्रमुखपद पदसिद्धपणे अर्थमंत्र्यांकडे असल्यामुळे या खटल्यात आरोपीच्या जागी खुद्द अर्थमंत्रीच असतो!

हा खटला लुटुपुटीचा नाही, हे 1710 साली दिसले. तेव्हा टाकसाळीचे प्रमुख सर आयझॅक न्यूटन होते आणि ज्यूरीने त्यांचे सोन्याचे नाणे कसाला उणे ठरवले. न्यूटन यांनी निकाल मुकाट्याने मानला नाही. ज्या पट्टीशी नाणे ताडून पाहिले, ती 1707 साली केलेली सोन्याची प्रमाणपट्टीच वाजवीपेक्षा अधिक शुद्ध आहे, असा त्यांनी वाद घातला आणि अखेर ती पट्टी बाजूला सारून 1688 ची जुनी पट्टी पुन्हा वापरात आली. परीक्षकांचे मापही तपासले जाऊ शकते, हे या प्रकरणातून सिद्ध झाले. मला तर तो निकालापेक्षा मोठा लाभ वाटतो.

चलनातल्या नाण्यांत सोने-चांदी उरली नसताना हा खटाटोप कशाला, असा प्रश्न रास्त आहे. अमेरिकेने आपला अशाच कामाचा वार्षिक आयोग 1980 मध्ये बंदही केला. परंतु नाणे ओळखणारी यंत्रे नाण्याचा व्यास, जाडी आणि धातूचे गुणधर्म यांवर भिस्त ठेवतात, आणि सोन्याची नाणी तर टाकसाळी आजही विकतात.

आपल्यालाही हा विषय परका नाही. मराठी राज्यात नाणी पारखण्याचे काम पोतदाराचे असे आणि ते आडनाव आजही घरोघर आहे. दागिन्यावर आपण जो ‘हॉलमार्क’ शोधतो, त्यातला ‘हॉल’ म्हणजे हाच गोल्डस्मिथ्स हॉल. मुंबईच्या टाकसाळीने तर 1918 मध्ये लंडनच्या टाकसाळीची शाखा म्हणून सुमारे 13 लाख सोन्याचे सॉव्हरिन पाडले होते.

आपल्या टाकसाळींतही नाण्यांची तपासणी होत असणारच. पण ती सामान्य नागरिकाच्या दृष्टीस पडत नाही. वर्षातून एकदा टाकसाळीबाहेरच्या पारख्यांना बोलावून नमुने तपासावेत आणि निकाल वृत्तपत्रांतून जाहीर करावा, एवढीच माझी अर्थ मंत्रालयाला विनंती आहे. झगे आणि टोप नसले तरी चालतील.

– एक नाणेसंग्राहक वाचक, सातारा