काका, त्या पोचेच्या शिक्क्यासाठी

काका,

जुलैतल्या त्या शुक्रवारी कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या तुमच्या दुकानात मी फक्त झेरॉक्स काढायला आले होते. बाहेर धो धो पाऊस, पंचगंगा चढत चाललेली, आणि माझ्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फीची पावती. ती मशिनवर ठेवता ठेवता तुम्ही वाचलीत आणि म्हणालात, "एवढी फी भरलीयास, मग त्वांड का उतरलंय पोरी?" तेवढ्यावरच मला रडू फुटलं. तुम्ही काही न बोलता स्टूल पुढं सरकवलंत.

पुण्याच्या एका खासगी विद्यापीठात मला एम.एस्सी.ला जागा मिळाली होती. आठवड्यात होकार कळवा, फी भरा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल, असा मेल. बाबा उद्यमनगरात लेथवर काम करतात. त्यांनी पतसंस्थेचं कर्ज काढून 1,40,000 रुपये फी आणि 10,000 अनामत भरली. मी होकार कळवला, सही केली, मूळ गुणपत्रकं आणि दाखला देऊन आले. आणि मग शिवाजी विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाच्या दुसऱ्या यादीत माझं नाव लागलं. घरी राहून, केएमटीच्या सिटी बसनं जाऊन-येऊन शिकता येणार होतं. मला पहिल्यापासून हेच हवं होतं.

पुण्याला फोन केला तर उत्तर ठरलेलं: एकदा होकार दिला की फी परत नाही, आणि मूळ कागद आता मिळणार नाहीत. इथं प्रवेशाला तेच कागद लागणार होते. आईला वाटत होतं, शब्द देऊन फिरवला, आता भोगायला हवं. मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

तुम्ही काय केलंत ते मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. चष्मा कपाळावरून खाली घेतलात, पुण्याच्या माहितीपुस्तकात प्रवेशाची शेवटची तारीख शोधलीत, 31 जुलै, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन टेकवत उलटे दिवस मोजलेत. "आज अकरा. वीस दिवस हाईत. सोळाच्या आत अर्ज आत गेला पायजे." मग विद्यापीठ अनुदान आयोगाची 2018 ची अधिसूचना मोबाइलवर काढून मला मोठ्यानं वाचायला लावलीत. शेवटच्या तारखेच्या पंधरा किंवा जास्त दिवस आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत, त्यातून फार तर पाच टक्के आणि तेही 5,000 च्या वर कापायचे नाहीत. पंधरापेक्षा कमी दिवस उरले तर 90 टक्के. तारीख उलटल्यावर पंधरा दिवसांपर्यंत 80, तिसाव्या दिवसापर्यंत 50, त्यानंतर काही नाही. अनामत पूर्ण परत. मूळ कागद तपासून लगेच परत द्यायचे, अडकवून ठेवायचे नाहीत. मी तीन दिवस नुसती रडत होते, आणि त्या तीन दिवसांत हे एकदाही शोधलं नव्हतं.

अर्ज मी घरून लिहून आणला होता. त्यात "माझी चूक झाली, कृपया माफ करावे" असं दोनदा होतं. तुम्ही दोन्ही ठिकाणी काट मारलीत. "माफी कशाची मागतीयास? विषय, संदर्भ, तारीख, रक्कम, बँकेचा खातेनंबर. बास." आणि शेवटी स्वतःच्या मनानं एक ओळ टाइप केलीत: माझी जागा प्रतीक्षा यादीतील विद्यार्थ्यास त्वरित देता यावी, म्हणून वेळेत कळवीत आहे. काका, त्या ओळीनं माझ्या मनावरचं ओझं उतरलं. मी कुणाला फसवत नव्हते. मी उशीर केला असता तर मात्र कुणाची तरी जागा अडली असती.

"दोन प्रती ने. एक त्यांची, एक तुझी. तुझ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घेतल्याबिगर खिडकीवरनं हलायचं न्हाई." सोमवारी पहाटेच्या एसटीनं बाबा आणि मी गेलो. खिडकीवरच्या माणसानं अर्ज घेतला आणि "जावा, कळवतो" म्हणाला. मी हलले नाही. वीस मिनिटं उभी राहिले, पाय कापत होते, पण शिक्का घेतला. शिक्का बघून त्यांच्या वरिष्ठ बाईंनी अधिसूचनेची प्रत मागितली, तीही तुम्ही जोडलेली होतीच. दुपारी मूळ कागद हातात पडले.

पैसे नियमाप्रमाणे पंधरा दिवसांत यायचे होते, आले नाहीत. तेव्हा तुम्हीच चार ओळींचं स्मरणपत्र करून दिलंत, आवक नंबर वरच्या ओळीत, खाली आयोगाच्या ई-समाधान पोर्टलवर तक्रार करण्याचा उल्लेख. स्पीड पोस्टनं पाठवलं. आठवड्याच्या आत 1,45,000 रुपये बाबांच्या खात्यावर जमा झाले. त्या संध्याकाळी बाबा कामावरून आले आणि कितीतरी वेळ बूट न काढता तसेच उंबऱ्यावर बसून राहिले.

या सगळ्याचे तुम्ही माझ्याकडून टायपिंग आणि झेरॉक्सचे मिळून साठ रुपये घेतलेत. जास्त द्यायला गेले तर म्हणालात, तुमचे वडील खेड्यातनं येऊन दसरा चौकातल्या बोर्डिंगात राहून शिकले, त्यांच्याकडून कुणी मोजून घेतलं नव्हतं.

दिवाळीत फराळ घेऊन आले होते, दुकान बंद होतं. पहिल्या सत्राची परीक्षा संपली की येते. बाबांनी पतसंस्थेचं कर्ज फेडलं, तो निल दाखला आणायचाय. त्याची झेरॉक्स तुमच्याच मशिनवर काढायची आहे.

तुमची,
पावसात भिजून आलेली ती मुलगी