तोडलेल्या दाराशी थांबलेल्या अधिकाऱ्यांस

माननीय केंद्र अधिकारी,
मुंबई अग्निशमन दल

सप्रेम नमस्कार.

गिरगावातील आमच्या जुन्या इमारतीत जिन्याखालच्या मीटरांना लागलेली आग आपण आणि आपल्या सहकाऱ्यांनी विझवली आणि दुसऱ्या मजल्यावर धुरात अडकलेल्या माझ्या आईला सुखरूप खाली आणले, त्याबद्दल आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. केंद्रावर येऊन हात जोडता आले असते. परंतु त्या पहाटे मी जे पाहिले ते चारचौघांनीही वाचावे असे वाटले, म्हणून हे पत्र उघडपणे लिहिले.

मी रात्रपाळीला होतो. जिना लाकडी, धूर वर चढत गेलेला, आणि ऐंशी ओलांडलेली आई आतून कडी लावून झोपलेली. आपल्या माणसांनी दार फोडून तिला बाहेर काढले. त्या कामाचा तपशील माझ्यापेक्षा आपल्यालाच अधिक ठाऊक आहे, तेव्हा तो वाढवत नाही. मला सांगायचे आहे ते त्यानंतरचे.

आग विझली, वर जाण्याची परवानगी मिळाली आणि आई हट्टाने आपल्या खोलीत जाऊन काजळी धरलेल्या पलंगावर बसली. कुठे धग उरली आहे का, हे पाहत आपण खोल्याखोल्यांतून फिरत होता. आमच्या खोलीपाशी आलात तेव्हा तिथे दार नव्हते, नुसती चौकट उरली होती, आणि ते दार काही तासांपूर्वी आपल्याच हुकमाने तोडले गेले होते. तरीही आपण चौकटीबाहेर थांबलात, हेल्मेट काढून हातात घेतले आणि विचारलेत, "आजी, आत येऊ का?" आपल्यामागून आलेल्या तरुण जवानाचा एक पाय तोवर आत पडला होता. त्याने तो मागे घेतला. आई म्हणाली, "या बाबा, या," आणि सवयीने चहाचेही विचारून बसली, जरी घरात गॅस बंद होता आणि धड कप एकही नव्हता. रात्रभर ज्या बाईच्या तोंडून शब्द फुटला नव्हता, ती त्या प्रश्नानंतर बोलू लागली. आपल्या खोलीत कोणी यावे आणि कोणी येऊ नये, हे सांगण्याचा तिचा अधिकार आगीनेही गेला नव्हता, एवढे तिला त्यातून कळले असावे.

थोड्या वेळाने शेजारच्या खोलीकडे तो जवान एकटाच गेला. तिथेही दार सताड उघडे होते. तो उंबऱ्यापाशी थांबला आणि त्याने आत येण्याची परवानगी मागितली. आपण त्याला ना समजावले होते, ना दटावले होते.

दलाची परंपरा म्हटले की आपण सारे १४ एप्रिल १९४४ ची आठवण काढतो. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाला लागलेली आग विझवताना झालेल्या स्फोटांत ६६ जवान गेले, आणि त्या दिवसापासूनच अग्निशमन सेवा सप्ताह सुरू होतो. ही आठवण अवश्य ठेवावी. आमच्या शेजारच्या काळबादेवीत मे २०१५ मध्ये गोकुळ निवासाची इमारत आगीत कोसळली, तेव्हा संजय राणे आणि महेंद्र देसाई हे अधिकारी तिथेच मृत्युमुखी पडले, सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांचे पुढे रुग्णालयात निधन झाले. दलाचा सर्वोच्च अधिकारी स्वतः आगीच्या तोंडाशी उभा होता, हे आम्ही या भागातले लोक विसरलेलो नाही. ज्या दलात वरिष्ठ पुढे राहतात तिथे कनिष्ठांना धैर्य वेगळे शिकवावे लागत नसेल. मात्र वरिष्ठांकडे पाहून अदबही शिकली जाते, हे मला त्या पहाटे प्रथम दिसले, आणि सप्ताहातल्या भाषणांत त्याचा उल्लेख क्वचितच होतो.

हे इतके जाणवण्याला एक कारण आहे. मीटरांच्या तारा तापतात, जिन्यात स्कूटर आणि भंगार ठेवले जाते, अशी तक्रार आम्ही घरमालकांकडे आणि संबंधित कार्यालयाकडे लेखी केली होती. पाहणीला आलेले गृहस्थ न विचारता सरळ घरात शिरले, पंख्याखाली बसले आणि "अजून काही झाले नाही ना?" असे विचारून निघून गेले. आमच्याकडे शिक्के मारलेल्या पोचपावत्या आहेत. त्या ट्रंकेत होत्या म्हणून वाचल्या. आता झाले आहे, एवढेच त्या गृहस्थांना कळवायचे आहे. आणि बंब उशिरा येतात अशी कुरकुर करणाऱ्या आमच्याच गल्लीतल्या काहींनी त्या रात्री तोंडाशी उभ्या केलेल्या गाड्या हलवायला किती वेळ लावला, हेही लिहून ठेवतो.

पत्राची एक प्रत भायखळ्याच्या मुख्यालयाकडे पाठवत आहे. आपल्या सेवापुस्तकात त्याची नोंद व्हावी, आणि त्या तरुण जवानाच्याही, अशी विनंती सोबत जोडली आहे. त्यांचे नाव आम्हाला ठाऊक नाही, ते आपण मुख्यालयास कळवावे.

आपला कृतज्ञ,
दुसऱ्या मजल्यावरील एक रहिवासी
गिरगाव, मुंबई